बाणातला ण

दिवाळीच्या दिवसांत घरी पणत्या असतातच, तेव्हा या प्रयोगाला वेगळे साहित्य आणावे लागणार नाही. एक पेटती पणती तोंडासमोर वीतभर अंतरावर धरावी आणि सावकाश म्हणावे, ‘पणती’. ज्योत जवळजवळ जागची हलणार नाही. मग त्याच जागी, त्याच बेताने म्हणावे, ‘फटाका’. ज्योत दचकेल, कदाचित विझेलही. प आणि फ यांत फरक तो एवढाच, ओठ उघडताना बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचा. प्रयोग दुसरा याहून सोपा आहे. दोन बोटे गळ्याच्या घाटीवर ठेवावीत आणि ‘स’ लांबवीत न्यावा. बोटांना काही कळणार नाही. मग ‘म’ लांबवावा. आत भुंगा कोंडल्यासारखे वाटेल. मुलांना हे दोन्ही खेळ फार आवडतात. तेल सांडले तर लेखकाला बोल लावू नये.

आपल्या पूर्वजांनी अशाच खेळांतून एक शास्त्र उभे केले. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ लिहिणाऱ्यांजवळ यंत्र नव्हते, आरसाही बरा नसावा; स्वतःचे तोंड हीच त्यांची प्रयोगशाळा. शाळेत आपण जी वर्णमाला ओरडून पाठ करतो ती त्यांच्या या निरीक्षणाचे फळ आहे. क-च-ट-त-प या पाच ओळी म्हणजे गळ्यापासून ओठांपर्यंतचा प्रवास: कंठ, टाळू, मूर्धा, दात आणि ओठ. प्रत्येक ओळीत आधी निःश्वास कोरडा, मग जोराचा, मग घाटी गुणगुणणारी, आणि शेवटी नाकातून वाट काढणारा ङ, ञ, ण, न, म. इंग्रजीच्या ए-बी-सीत असा काही क्रम नाही. तिथे अक्षरे हजेरीपटावरच्या नावांसारखी एकामागून एक उभी आहेत. आपली वर्णमाला हा एक नकाशा आहे आणि तो ज्या मुलखाचा आहे तो मुलूख प्रत्येकाच्या ओठांमागे आहे.

इथपर्यंत सारे निर्मळ आहे. जीभ कुठे टेकली, वारा कुठून गेला, यात पाप नाही नि पुण्यही नाही. पण शास्त्राची ही खोली सोडून आपण ओसरीवर आलो की लगेच दोन शब्द ऐकू येतात, ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’. हे शब्द कुठून आले हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. ते सोवळ्याच्या खुंटीवरून आले आहेत. पाणी शुद्ध, पंगत शुद्ध, आणि उच्चार शुद्ध. चुकीच्या गणिताला आपण अशुद्ध म्हणत नाही, चूक म्हणतो. बेसूर गाण्यालाही अशुद्ध म्हणत नाही. (गाण्यात शुद्ध स्वर असतात हे खरे, पण त्यांच्या शेजारी जे बसतात त्यांना कोमल आणि तीव्र म्हणतात. गवयांनी या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ सभ्यपणा दाखवला आहे!) मग जिभेच्या टोकाने टाळूला कुठे शिवावे, या गोष्टीत विटाळ शिरला कसा? मला बरीच वर्षे छळणारा प्रश्न आहे तो हाच. मी मराठी शिकवून पोट भरले, म्हणजे उच्चार सुधारणे हे माझे काम होते; तेव्हा हा छळ धंद्यातलाच म्हणायचा.

प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक भेद समजून घ्यावा लागतो. ध्वनी वेगळा आणि वर्ण वेगळा. तोंडातून जो निघतो तो ध्वनी. तो दर वेळी निराळा असतो. एकाच माणसाने एकाच मिनिटात दोनदा म्हटलेला ‘क’ यंत्राला दोन निरनिराळ्या आकृत्या दाखवतो. कानाने जो ओळखला जातो तो वर्ण, तो एकच. आमच्या शहराच्या नावाकडे पाहा. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले तेव्हा खडकीचे हे नगर, त्याच्या मुलाने केले फतेहनगर, १६५३ नंतर झाले औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शेवटच्या दोन नावांवरून माणसे तावातावाने बोलली, अजूनही बोलतात. मला त्यातले अनुस्वाराचे टिंब मोहात पाडते. ‘औरंगाबाद’ म्हणताना ते टिंब गळ्याजवळ ङ होऊन वाजते, कारण पुढे ग आहे. ‘संभाजीनगर’ म्हणताना तेच टिंब ओठांवर म होऊन वाजते, कारण पुढे भ आहे. ‘खंडोबा’त ते ण होते, ‘संत’ शब्दात न. एक टिंब, चार आवाज, आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. ज्याने हे कधी शिकले नाही तो शेतकरी हे अचूक करतो. ज्याने शिकले तो प्राध्यापकही याहून अधिक अचूक करीत नाही.

याच्या उलटही घडते. एकाच अक्षरात दोन वर्ण राहतात. ‘चार’ माणसे म्हणतानाचा च आणि गुरांचा ‘चारा’ म्हणतानाचा च हे दोन वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही सारखे, बोलताना मात्र कोणाही मराठी माणसाची गल्लत होत नाही. वृद्धपणाची जरा आणि ‘जरा थांब’मधला जरा हेही तसेच. ‘माझा’ म्हणताना झ दातांकडे सरकतो, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे. तीन वर्षांचे पोर खेळण्यावरून भांडताना हा नियम पाळते. नारायण गोविंद कालेलकरांनी १९५५ साली ‘ध्वनिविचार’ लिहून मराठी वाचकाला या वाटेवर आणले आणि अशोक केळकरांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. त्यांचे ऋण आमच्या पिढीवर आहे. पण ‘माझा-माझी’चा नियम त्यांच्याही आधी, शेकडो वर्षे, सगळी पोरे पाळीत आली होती.

तर वर्ण म्हणजे काय? मला असे वाटते की वर्ण म्हणजे दुर्लक्ष करण्याचा करार. शेकडो बारीक फरक कानावर आदळत असताना आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेले असते की यांतले अमुक फरक मोजायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. हा करार आपण सही करून स्वीकारलेला नाही. तो पाळण्यात असताना आपल्याकडून घेतला गेला. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील त आणि ट ऐकवले. इंग्रज कानाला हे दोन्ही एकच वाटतात हे आपण जाणतोच. पण सहा-आठ महिन्यांची बहुतेक बाळे तो फरक ओळखीत. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर फारच थोडी. वर्षाच्या आत मूल आपल्या आईची भाषा शिकू लागते, याचा एक अर्थ असा की जगातल्या इतर भाषांना ते बहिरे होऊ लागते. जन्मतः आपण सर्वांचे असतो. बोबडे बोल येईपर्यंत कोणातरी एकांचे झालेलो असतो.

हे बहिरेपण नैसर्गिक आहे, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. दोष सुरू होतो तो पुढे, जेव्हा ऐकू आलेल्या फरकाचे आपण काहीतरी करतो.

माणसाने काय काय केले आहे! पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट येते. त्यांना आपल्या शत्रूंना उद्देशून ‘हे अरयः’ म्हणायचे होते. त्यांच्या तोंडून निघाले ‘हेलयः’. आणि ते पराभूत झाले. र चा ल झाला, राज्य गेले. त्वष्ट्याची गोष्ट याहून भयंकर. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला, मंत्रातल्या एका शब्दाचा स्वर चुकला, ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ झाला, आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्वष्ट्याची दया येई. आता प्रश्न पडतो तो देवांविषयी: मनातला हेतू कळत असून उच्चारावर बोट ठेवणाऱ्या या देवता होत्या तरी कसल्या? आमच्या शाळेतले तपासनीस असेच असत.

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देव नाहीत, माणसेच आहेत. लढाईत हरलेले एफ्राइमी लोक यार्देन नदीच्या उतारांवरून पळून जाऊ पाहतात. गिलादी पहारेकरी प्रत्येकाला एक शब्द म्हणायला लावतात, ‘शिब्बोलेथ’. एफ्राइमीला श येत नाही. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो आणि तिथेच कापला जातो. बेचाळीस हजार माणसे अशी गेली असे तो ग्रंथ सांगतो. ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर १९३७ सालचा डोमिनिकन प्रजासत्ताक आडवा येतो. तिथला हुकूमशहा त्रुहियो याच्या सैनिकांनी हैतीच्या हजारो लोकांची कत्तल केली. आणि कोण हैतीचा हे ओळखायला कोथिंबिरीसारख्या एका भाजीचे स्पॅनिश नाव घ्यायला लावीत, कारण त्यातला र हैतीच्या जिभेला जमत नसे, असे सांगतात. स आणि श, र आणि र. जीव घेणाऱ्याला जिभेचा एक मिलिमीटर पुरतो.

आपण कोणाला कापीत नाही. आपण हसतो. पण नदीचा उतार आपल्याकडेही आहे, आणि मराठीत त्या उतारावर जो शब्द म्हणायला लावतात त्यात बहुधा ण असतो.

‘आनि’, ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’. असे बोलणारा माणूस दोन वाक्ये बोलला की शहरातल्या कानाने त्याचे गाव, त्याची शाळा, पुष्कळदा त्याची जातही ठरवलेली असते. तो काय बोलला हे नंतर. नाटकांनी आणि चित्रपटांनी हा ‘आनि’ नोकरासाठी राखून ठेवला. न आणि ण हे दोन्ही नाकातले. नाक मुरडायलाही हेच दोघे सापडावेत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता हा नियम कसोटीला लावून पाहू. ‘पाणी’ बरोबर आणि ‘पानी’ चूक, ते कशावरून? कोणी म्हणेल, संस्कृतवरून. संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यात न आहे! जो ‘पानी’ म्हणतो तो मुळाला अधिक जवळ आहे. उलट ‘कर्ण’ शब्दातला ण घालवून आपण ‘कान’ केला, ‘पर्ण’चे ‘पान’ केले, ‘चूर्णा’चा ‘चुना’ केला, ‘सुवर्णा’चे ‘सोने’ केले. आणि ‘जन’मध्ये नसलेला ण घालून ‘जण’ केला, ‘मनुष्या’तून ‘माणूस’ घडवला. संस्कृतच्या दृष्टीने पाहिले तर आपण सगळेच, पुण्यापासून पैठणपर्यंत, न-ण चे गुन्हेगार आहोत. पैठणचे नाव मुद्दाम घेतले. आमच्या शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेले हे गाव म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे त्या भाषेत, वररुचीच्या व्याकरणाप्रमाणे, न चा सर्वत्र ण होतो. ‘नगर’ शब्दाचा आरंभही तिथे ण ने होई. त्या काळच्या एखाद्या वैदिकाने गोदाकाठी ही बोली ऐकली असेल तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले असतील: काय हे ग्राम्य लोक, सारखे आपले ण-ण! दोन हजार वर्षांनी तोच ण सभ्यतेचा दाखला झाला आहे.

बरे, संस्कृत नको. जसे लिहिले तसे बोलावे, ही कसोटी घेऊ. मग ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच म्हणा. ‘ज्ञान’ म्हणताना आपण ‘द्न्यान’ म्हणतो, काशीचा पंडित ‘ग्यान’ म्हणतो. लिहिल्याप्रमाणे दोघेही म्हणत नाहीत. ‘ऋषी’तला ऋ आपण रु करतो आणि ष तर श मध्ये बुडून गेल्याला किती शतके झाली असतील. यांपैकी कशालाही कोणी हसत नाही, कारण या चुका विद्वानही करतात. लिहिण्याचे नियम तर बदलतातच. १९६२ साली महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा कित्येक वृद्ध मंडळींना आपल्या डोक्यावरची टोपी गेल्यासारखे झाले. आज ते अनुस्वार कुठे होते हेही नव्या मुलांना सांगता येणार नाही.

तिसरी कसोटी अर्थाची, आणि ती वजनदार आहे. ‘ताण’ वेगळा नि ‘तान’ वेगळी; ‘खाण’ वेगळी, ‘खान’ वेगळा; ‘सण’ वर्षातून एकदा येतो आणि ‘सन’ म्हणजे ते वर्षच. जिथे दोन वर्णांनी दोन अर्थ होतात तिथे तो भेद भाषेची मिळकत आहे. ती उधळू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. पण ‘पानी’ म्हटल्याने काही दुसरे होते का? ‘आनि’ म्हटल्याने वाक्य अडते का? दिवाळीत उडणारा ‘बाण’ गावाकडच्या मुलाने ‘बान’ म्हणून पेटवला तर तो तितक्याच उंच जातो. नव्याण्णव ठिकाणी अर्थ अडत नाही, शंभराव्या ठिकाणी वाक्य सावरून घेते. मग उरते काय? उरते एवढेच की ‘आमच्यात असे म्हणत नाहीत’. हा पंगतीचा नियम झाला. पंगतीचेही नियम असतात, त्यांची टिंगल करू नये; पण त्यांना निसर्गनियमाची वस्त्रे घालू नयेत.

पुण्याची बोली प्रमाण झाली ती तिच्या ध्वनींत काही विशेष गुण होते म्हणून नव्हे. तिथे राज्य होते, मग छापखाने आले, पाठ्यपुस्तके आली. मराठवाड्याला तर ही पंगत उशिरा मिळाली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. १९५६ नंतर आम्ही मराठी मुलखात आलो तेव्हा पश्चिमेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना आमची मराठी ऐकून गंमत वाटे, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना, ज्यांनी परक्या भाषेखाली ती जपली होती, त्या गमतीचे हसू येत नसे.

पण अन्याय झालेल्यांनीही दुसऱ्याच्या उच्चारावर हसण्याची सोय ठेवलेली असते. या शहराची दुसरी जीभ दखनी. तिने आमच्याकडून ‘नक्को’ घेतले, शब्दाला चिकटणारा ठासून सांगणारा ‘च’ घेतला, आणि उर्दूच्या खोल गळ्यातल्या क ला ख केले. कलम तिच्या तोंडी ‘खलम’ होते, काजी ‘खाजी’ होतो. उत्तरेचे लोक यावर हसतात. उर्दू शिकवणारे माझे एक स्नेही एकदा मुशायऱ्यासाठी उत्तरेत गेले होते. परत आल्यावर म्हणाले, “शेर को दाद नहीं मिली, ख को मिली.” वली औरंगाबादीची गझल दिल्लीला पोचली तेव्हा दिल्लीच्या कवींना आपल्या भाषेत कविता करावीशी वाटू लागली, हे ते विसरत नाहीत, मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. मात्र मी ‘गझल’ म्हटले, आपल्या साध्या घरगुती ग ने, की यांच्या कपाळाला आठी पडते. मीही मग ‘चाळीसगाव’ म्हणून दाखवा म्हणतो. ते ळ गिळून ‘चालीस’ म्हणतात. हिशेब फिटतो आणि चहा येतो.

मित्रांत हिशेब फिटतो, कारण दोघांच्या हातात तराजू असतो. जिथे तो एकाच्याच हातात असतो तिथली गोष्ट निराळी. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. तिथे उच्चार चुकेल ही भीती नव्हती. बरोबर येईल हीच भीती असावी. याच बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यापाड्यांतली, पिढ्यान्‌पिढ्या पाटी न पाहिलेली मुले नागसेनवनात आली. ती आपापला न घेऊन आली. पैठणची जुनी कथा इथे आठवल्यावाचून राहत नाही. ब्रह्मवृंदाने अडवले तेव्हा ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. चमत्कार मानणाऱ्यांनी मानावा. मला कुतूहल आहे ते एवढेच, की तिथे जमलेल्यांपैकी कोणी रेड्याचे उदात्त-अनुदात्त तपासले होते का. कथेत तसे काही येत नाही. रेड्याला जी सूट मिळाली ती माणसांना मिळायला सहाशे वर्षे लागली, आणि अजून पुरती मिळालेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. गुणांच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘शुद्ध उच्चार: २० गुण’. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली मुलगी पाण्यावर बोलली. विहिरीवर, टँकरवर, आणि आपल्या आजीच्या डोक्यावर हंड्याने पडलेल्या टकलावर. सभागृह शांत झाले होते. ती आरंभापासून शेवटपर्यंत ‘पानी’च म्हणाली. शेजारच्या परीक्षकांनी त्या रकान्यात पाच लिहिले. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की आज पाच दिले तर ही मुलगी शिकेल, आज वीस दिले तर उद्या नोकरीच्या मुलाखतीत हसे होईल आणि ते हसे तुमच्या दयेच्या खात्यावर लिहिले जाईल. याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. आजही सोपे उत्तर नाही. दार अरुंद आहे हे खरे. पण दार रुंद होईपर्यंत मुलीला बाहेर उभे करायचे काय?

बक्षीस समारंभानंतर मी तिला बाजूला घेऊन विचारले, ण म्हणता येतो का. ती म्हणाली, “येतो की, सर.” आणि तिने लख्ख म्हणून दाखवला: बाण, आणि, पाणी. मग जरा थांबून म्हणाली, “पन घरी असं बोललं की आई गप होते.”

या वाक्याचे मी बरेच दिवस काय करावे ते मला कळत नव्हते. तिचा ण चुकत नव्हता. ती तो वापरीत नव्हती. भर सभेत पाण्यावर बोलताना, आजीविषयी बोलताना, आजीच्या तोंडचा शब्द तिने आजीच्या तोंडचाच ठेवला होता. त्याला पाच गुण मिळाले.

माझे मत हळूहळू असे झाले आहे. ण शिकवावा, प्रत्येक मुलाला शिकवावा, जसे पोहणे शिकवतो, सायकल शिकवतो. जिभेला आणखी एक जागा माहीत झाली तर ती श्रीमंतीच आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतल्या माणसांना एकमेकांचे कळावे म्हणून एक सरकारी रस्ता लागतो. प्रमाण उच्चार हा तो रस्ता. पण रस्त्यावर चालता येणे म्हणजे आपले घर पाडणे नव्हे. आणि शिकवणीचा खरा भार मी आता जिभेवरून काढून कानावर टाकतो. जीभ ही गरीब इंद्रिय आहे. तिला जे वळण लागते ते तिने निवडलेले नसते. कानालाही वळण लागलेलेच असते, हे वर सांगितले. पण ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांतला फरक ऐकणाऱ्याला ऐकू येतो, अर्थही कळतो, आणि मग एक क्षण असा येतो की तो फरक सोडून द्यायचा की त्यावरून माणूस मोजायचा, हे त्याच्या हातात असते. दिवसभरात हजारो फरक तो बिनतक्रार सोडून देत असतो: सर्दी झालेल्याचा म, दात पडलेल्याचा स, मद्रासहून आलेल्या डॉक्टरांचे सगळेच. डॉक्टरांच्या मराठीचे तर आपण कौतुक करतो. परक्याला जे मिळते ते आपल्याच तालुक्यातल्या मुलीला मिळू नये, याचे कारण ध्वनिशास्त्रात सापडणार नाही.

कोणी म्हणेल, अशाने सगळेच चालेल, मग शाळा कशाला? नाही, सगळे चालणार नाही. पुटपुटणे चालणार नाही. शब्दाचे शेपूट खाणे चालणार नाही, आणि ते शहरी मुले अधिक करतात. तान म्हणायचे असताना ताण ऐकू आला तर थांबवावे लागेल. समोरच्याला कळावे म्हणून जेवढी मेहनत लागते तेवढी बोलणाऱ्याने केलीच पाहिजे. ती त्याच्यावरची उसनवारी आहे. त्यापलीकडे आपल्यासारखे वाटावे म्हणून जी मेहनत मागितली जाते, ती मागण्याचा हक्क कोणी कोणाला दिला, एवढे मी विचारतो.

त्या स्पर्धेच्या व्यवस्थापकांकडे मी आणि ते शेजारचे परीक्षक पुढे बरोबरच गेलो. पुष्कळ वाद होऊन तक्त्यातला ‘शुद्ध उच्चार’ हा रकाना गेला आणि ‘स्पष्ट उच्चार’ असा आला. गुण वीसच राहिले. परीक्षक महाशयांनी तेवढ्यावर सोडले नाही. “स्पष्ट म्हणजे कोणाला स्पष्ट?” त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा नेमका होता. मी म्हटले, शेवटच्या बाकावरच्या मुलाला. त्यावर ते म्हणाले, मग पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर बसून आपल्याला ते कसे कळणार?

यंदाची स्पर्धा दिवाळीच्या सुटीनंतर आहे. एक परीक्षक शेवटच्या बाकावर बसायचे ठरले आहे, आणि ते स्वतःच तिथे बसणार आहेत. सभागृहाचे पंखे फार जुने आहेत, खडखड वाजतात. त्यांना तिथून न आणि ण यांत फरक ऐकू येतो की नाही, ते मला लिहून कळवतो म्हणाले आहेत.